सोमवारी टॅब का अडतात? बहुवर्गाला शिकवणाऱ्यांसाठी

सोमवारचा परिपाठ संपलेला. चौथीसाठी फळ्यावर भागाकाराची उदाहरणं लिहून झाली आणि मी तिसरी-पाचवीला टॅब वाटायला घेतले. दोन मिनिटांत चहूकडून हाका सुरू. "बाई, आमचा चालूच होत नाही." "बाई, आमच्यात नुसतं गोल फिरतंय." "बाई, यात २०१५ साल दाखवतंय." चौथीची मुलं वह्या उघडून माझी वाट बघत बसलेली आणि मी एकेका टॅबचं बटण दाबत वर्गभर फिरतेय. सगळे टॅब मार्गी लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. भागाकार दुसऱ्या दिवसावर गेला.

एखाद्या दिवशी झालं असतं तर लिहायला बसले नसते. पण जवळजवळ वर्षभर दर सोमवारी हेच चाललं होतं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तर आठवडाभर. केंद्रशाळेत शिक्षण परिषदेला भेटलेल्या बऱ्याच जणींनी हेच सांगितलं. शेवटी टॅब कपाटात जातात आणि कपाटातच राहतात. ते होऊ नये म्हणून आम्ही काय शोधलं आणि काय बदललं, ते सविस्तर सांगते.

आधी आमच्या शाळेचं सांगते, म्हणजे ताडून बघता येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ पटापर्यंत दोन शिक्षक असतात. आमची तशीच द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी सरांकडे. तिसरी, चौथी, पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत. तिसरीत ९, चौथीत १२, पाचवीत ११ मुलं. मी एका वर्गाला शिकवत असताना बाकीचे दोन वर्ग स्वयंअध्ययन करतात. लोकसहभागातून मिळालेले १२ टॅब त्याच वेळेसाठी आहेत, दोघांत एक. टॅब नीट चालले तर मला चौथीजवळ सलग पंचवीस मिनिटं बसता येतं. बहुवर्गात शिकवणाऱ्याला त्या पंचवीस मिनिटांची किंमत सांगायला नको.

सुरुवातीला आम्ही सगळा दोष नेटला दिला. "रेंज नाही" म्हटलं की विषय संपायचा. पदरचे पैसे घालून मोठा डेटा पॅक मारला, तरी सोमवार तसाच. मग मी एक साधी गोष्ट केली. टॅबच्या पाठीवर ऑइलपेंटने १ ते १२ आकडे घातले आणि एका दोनशेपानी वहीत रोज लिहायला लागले: तारीख, कोणता टॅब अडला, पडद्यावर काय दिसलं. तीन आठवड्यांनी वही चाळली तेव्हा बरंच उलगडलं.

पहिला प्रश्न हाच विचारा: रोज तोच टॅब अडतो की रोज वेगळा? तोच अडत असेल तर दोष त्या टॅबमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा भरलेल्या मेमरीत असतो. रोज वेगळे अडत असतील तर टॅब चांगले आहेत, दोष बाहेर आहे: नेट, चार्जिंगची पद्धत, नाहीतर वाटपाची पद्धत. आणि सगळेच एकदम, सुट्टीनंतरच अडत असतील तर बॅटरी आणि घड्याळ बघा. हा प्रश्न न विचारता आम्ही वर्षभर सगळ्याच टॅबना एकच औषध देत होतो.

आता एकेक कारण घेते.

चार्जिंग

सोमवारच्या निम्म्या तक्रारी इथे होत्या. शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला शाळा सुटताना मुलं टॅब कपाटात ठेवायची, पण बंद करून नाही, नुसता पडदा विझवून. वाय-फाय चालूच राहायचं. शाळेत नेटवर्क नसलं तरी टॅब ते शोधत राहतो आणि बॅटरी खात राहतो. सोमवारी साडेदहाला कपाट उघडेपर्यंत ४७ तास होतात. शनिवारी २० टक्क्यांवर ठेवलेला टॅब सोमवारी सुरू व्हावा तरी कसा?

"पण आम्ही शुक्रवारी चार्जिंगला लावले होते," असं सर म्हणायचे, आणि ते खरंही होतं. तिथे दुसरी मेख होती. आमच्याकडे दहा तोंडांचा एक चार्जर आहे, त्यावर ४० वॉट लिहिलंय. ते ४० वॉट सगळ्यांत मिळून. दहा टॅब एकदम लावले की प्रत्येकाच्या वाट्याला ४ वॉट. आमच्या टॅबची बॅटरी ५००० एमएएचची, म्हणजे साडेअठरा वॉट-तासांची. मधे होणारी गळती धरली तर रिकामा टॅब भरायला पाच-सहा तास हवेत. मधल्या सुट्टीत लावले तर शाळा सुटेपर्यंत तीन-साडेतीन तास मिळतात, आणि त्यात लाईट गेली तर तेही नाहीत. पडद्यावर विजेचं चिन्ह दिसायचं, आम्हाला वाटायचं चार्ज होतोय. होत होता, पण अर्धाच.

आता आम्ही सहा-सहाच्या दोन तुकड्या केल्यात. १ ते ६ गुरुवारी, ७ ते १२ शुक्रवारी. शनिवारी सकाळी ८० टक्क्यांच्या खाली असलेले तेवढे शाळा सुटेपर्यंत पुन्हा लावायचे. मग प्रत्येक टॅब पूर्ण बंद करायचा, बटण दाबून धरून, 'पॉवर ऑफ'. हे काम पाचवीतल्या दोन टॅबप्रमुखांकडे आहे. टॅब खरंच बंद झालाय का हे बघायला त्या बटण एकदा हलकेच दाबतात. पडदा काळाच राहिला तर वहीत बरोबरची खूण.

केबलचंही सांगते, कारण ३ नंबरचा टॅब बिघडला म्हणून आम्ही बाजूला काढून ठेवला होता आणि त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. केबल तपासायची सोपी रीत अशी: टॅब एकच, चार्जर एकच, केबल बदलायची. प्रत्येक केबलला अर्धा तास द्यायचा आणि किती टक्के वाढले ते लिहायचं. चांगल्या केबलने ठळक वाढ दिसते. खराब केबलने एखाददुसरा टक्का वाढतो, किंवा चिन्ह दिसूनही आकडा हलत नाही. आमच्या १२ पैकी ४ केबल अशा निघाल्या. लांब आणि बारीक केबल टाळा, तिच्यातच बरीच वीज जिरते.

टॅब चार्जिंगला लावून वापरताना पडदा वेडावाकडा चालतो, न शिवताच पानं उलटतात, अशीही तक्रार येते. ते बहुतेक वेळा हलक्या चार्जरमुळे होतं. पिन काढून बघा. पिन काढल्यावर पडदा शहाण्यासारखा वागला तर टॅब ठीक आहे, चार्जर बदला. पावसाळ्यात मात्र हेच लक्षण ओल्या बोटांनी दिसतं. मुलं भिजत येतात, हात तसेच ओले. आम्ही टॅबच्या पेटीत एक जुना पंचा ठेवलाय. हात पुसल्याशिवाय टॅब नाही.

चार्जिंगला लावलेले टॅब एकावर एक रचू नका आणि लावून कपाट बंद करू नका. ते तापतात, आणि तापली की बॅटरी लवकर म्हातारी होते. यासाठी आम्ही एका पालकांकडून घरचं जुनं ताटाळं आणलं. बाराही टॅब त्यात ताटांसारखे उभे राहतात, मधे हवा खेळते आणि पाठीवरचे नंबर समोरून दिसतात. शाळेतला सगळ्यात उपयोगी बदल कोणता असं विचारलंत तर मी ताटाळ्याकडे बोट दाखवीन.

तारीख

२०१५ साल दाखवणारा टॅब मला फार दिवस कोड्यात टाकत होता. नेट जोडलेलं दिसतं, शेजारचा टॅब त्याच नेटवर छान चालतो, आणि यात मात्र कुठलंही पान उघडलं की कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा, नाहीतर नुसतं गोल फिरणं.

कारण असं आहे. आमच्या टॅबमध्ये सिम नाही, त्यामुळे मोबाइल टॉवरकडून वेळ मिळत नाही. बॅटरी पार संपून टॅब बरेच दिवस तसाच पडला की आतलं घड्याळ थांबतं आणि पुन्हा सुरू होताना कुठल्यातरी जुन्या तारखेवर जातं. आता प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ टॅबला आपलं प्रमाणपत्र दाखवतं आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असं असतं. २०१५ मध्ये अडकलेल्या टॅबला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं आणि तो दार उघडत नाही. नेटचा दोष नाही, ॲपचाही नाही. घड्याळ चुकलंय, एवढंच.

उपाय दोन मिनिटांचा. सेटिंग्जमध्ये 'तारीख आणि वेळ' उघडा. आधी हाताने आजची तारीख आणि वेळ घाला, टाइम झोन भारताचा आहे का ते बघा. मग वाय-फाय जोडा आणि आपोआप तारीख-वेळ घेण्याचा पर्याय चालू करा. आमच्या काही टॅबमध्ये तो पर्याय बंदच होता, म्हणून नेट मिळूनही तारीख सुधारत नव्हती. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मुलांना टॅब देण्याआधी बाराही टॅबची तारीख बघा. ॲप काढून पुन्हा टाकणं, टॅब 'रिसेट' मारणं हे त्याआधी अजिबात करू नका. मी एक टॅब असा रिसेट केला आणि त्यात साठवलेलं सगळं साहित्य गेलं. दोष तेव्हाही तारखेचाच होता.

नेट

वहीत रोज वेगळे नंबर अडलेले दिसले ते इथले. आम्ही माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावायचो. बहुतेक फोन एका वेळी आठ ते दहाच उपकरणं जोडून घेतात, पुढच्यांना जागा नसते. माझा फोन आठ घेतो. म्हणजे जे टॅब शेवटी जोडायला जायचे ते बाहेर, आणि शेवटी कोण हे रोज बदलायचं. मुलं म्हणायची, "बाई, काल चालला होता हाच." खरंच चालला होता.

मग छोटा राउटर आणला. बाराही टॅब जोडले गेले आणि सगळेच रखडले. हिशोब मांडला तेव्हा कळलं. साधा व्हिडिओ अडखळता न दिसायला टॅबमागे निदान १ एमबीपीएस धरा, बारांना १२ हवेत. आमच्या वाडीवर बऱ्या दिवशी २ ते ३ मिळतात. त्यात राउटरचं वाय-फाय दिसलं की बाराही टॅब आतल्या आत ॲप अपडेट करायला बसायचे. मुलांनी काही उघडायच्या आधीच दिवसाचा डेटा संपलेला. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप अपडेट बंद करा, आणि वाय-फायच्या माहितीत ते नेटवर्क 'मीटर केलेलं', म्हणजे मोजक्या डेटाचं, आहे असं निवडा. तेवढ्याने ही गळती थांबली.

पण नेट सुधारण्याच्या मागे लागू नका, असं मी अनुभवाने सांगेन. वर्गाच्या वेळी नेट लागूच नये अशी व्यवस्था करा. आता आमचे टॅब तासाला 'एअरप्लेन मोड'वर असतात. आठवड्याचं साहित्य मी घरी, चांगल्या नेटवर, १ नंबरच्या टॅबमध्ये उतरवून घेते. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यातून बाकीच्यांना देते. जवळच्या टॅबला फाईल पाठवायची सोय ॲण्ड्रॉइडमध्येच आहे आणि तिला इंटरनेट लागत नाही. नाहीतर ओटीजी पिनचा, म्हणजे थेट टॅबला लागणारा, पेनड्राइव्ह. दीक्षा ॲप २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं, त्यात धडे उतरवून ठेवता येतात आणि मग नेटशिवाय चालतात. गोष्टींसाठी मी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी पुस्तकं पीडीएफ करून घेते. तिसरीसाठी छोटी चित्रांची, पाचवीसाठी लांब. फाईलच्या नावात इयत्ता आणि वार लिहिते: 'तिसरी सोमवार'. मुलांना शोधावं लागत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या हाका निम्म्या झाल्या.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नाही, ही तक्रारही येतेच. स्वस्त टॅबच्या कॅमेऱ्याला जवळचं नीट दिसत नाही, कोड धूसर राहतो. पुस्तक उजेडात धरून टॅब वीतभर लांब न्या. तरी नाहीच झालं तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं-आकडे दीक्षात टाइप करा, तोच धडा उघडतो.

मेमरी

तोच टॅब रोज रडत असेल आणि केबल चांगली असेल, तर त्याची मेमरी बघा. आमचे टॅब १६ जीबीचे. त्यातली निम्मी जागा टॅबच्या स्वतःच्याच कारभारात जाते. उरलेली मुलांनी काढलेल्या व्हिडिओंनी भरते. शनिवारी आम्ही फोटो आणि व्हिडिओ रिकामे करतो, पण आधी बघते. एका व्हिडिओत पाचवीतली मुलगी तिसरीतल्या मुलाला खडूने जमिनीवर भाकरी काढून पाव आणि अर्धा समजावत होती. "अर्धीची अर्धी केली की पाव, आता तू खा पाव," असं म्हणून ती तेवढा तुकडा हाताने पुसून टाकत होती. तो व्हिडिओ मी माझ्या फोनवर घेतला आणि आता दरवर्षी तिसरीला अपूर्णांक शिकवताना दाखवते. त्यामुळे कॅमेरा बंद करा असं मी सांगणार नाही. फक्त आठवड्याला जागा रिकामी करा. दोन-तीन जीबी मोकळी असली की टॅब मोकळा चालतो.

मुलं भलतीकडे जातात तेव्हा

पाठ फिरली की खेळ नाहीतर गाणी. रागावून उपयोग नसतो, माझी पाठ दिवसभर फिरणारच आहे. ॲण्ड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये 'ॲप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिन' नावाची सोय आहे. ती चालू करा आणि अनपिन करण्यापूर्वी पिन विचारण्याचा पर्यायही निवडा. मग धडा उघडायचा, अलीकडची ॲप दाखवणारा पडदा आणायचा, ॲपच्या चिन्हावर दाबून पिन निवडायचं. आता टॅब त्या ॲपच्या बाहेर जात नाही. पिन विचारण्याचा पर्याय विसरलात तर दोन दिवसांत मुलांना बाहेर पडायची युक्ती कळते, आमच्या पाचवीने एका दिवसात शोधली.

आवाज हा वेगळा प्रश्न. सहा टॅबवर तोच व्हिडिओ अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या फरकाने लागला की कुणालाच काही ऐकू येत नाही, आणि चौथीला भागाकारही नाही. आम्ही आवाजाचे धडे एकाच टॅबवर, छोटा स्पीकर लावून, ओसरीत ऐकवतो. वर्गातल्या टॅबवर फक्त वाचायचं, जुळवायचं, सोडवायचं साहित्य. जोडीत एकाने बोट लावायचं, दुसऱ्याने मोठ्याने वाचून उत्तर सांगायचं, पाच उदाहरणांनी अदलाबदल. यामुळे टॅब एकाच्याच मांडीवर राहत नाही.

मोठी सुट्टी

उन्हाळ्यात पत्र्याखालचं लोखंडी कपाट किती तापतं ते आपल्याला माहीत आहे. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी दीड महिना तिथे ठेवणं सगळ्यात वाईट. साधारण ५० टक्क्यांवर आणा, पूर्ण बंद करा आणि शक्य तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने, नोंद करून, शाळेतल्या त्यातल्या त्यात थंड खोलीत ठेवा. मध्यंतरी एकदा जाऊन चार्ज बघा.

जूनमध्ये एखाद्या टॅबचा पडदा कडेने उचललेला दिसला, किंवा सपाट फरशीवर ठेवल्यावर तो डुगडुगला, तर बॅटरी फुगली आहे. तो चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, उघडू नका, मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. आमचा ९ नंबर असाच गेला. तो ई-कचऱ्यात दिला, साठा नोंदवहीत तसं लिहिलं आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सांगितलं. तेव्हापासून ११ टॅब आहेत, आणि चौथी-पाचवी दोन्ही टॅबवर असताना एका गटात तिघं बसतात.

शेवटी दोन मिनिटांचा नियम, कारण एवढं करूनही एखादा टॅब अडतोच. मुलांनी स्वतः बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरून बघायचं. दोन मिनिटांत सुरू झाला नाही तर टॅब ताटाळ्यात परत, नंबर वहीत, आणि त्या जोडीने खिडकीखालच्या वाचनपेटीतलं पुस्तक घ्यायचं. मला हाक मारायची नाही. मी मधल्या सुट्टीत वही बघते आणि तेव्हाच तो टॅब हातात घेते. मागच्या सोमवारी वहीत एकच नोंद होती, ४ नंबर, केबल सैल. चौथीचा भागाकार बाकीसकट पूर्ण झाला होता.